ओळखीचा वैद्य

भट्टीवर माणूस आजारी पडलं, तर ते कोणत्या मुलखात आजारी पडलं म्हणायचं? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कातकरी, ठाकर कुटुंबं दिवाळी झाली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जिल्हा बदलत नाही, भाषाही फारशी बदलत नाही. पण पाड्यावर गरोदर बाईची नोंद आशाताईच्या वहीत असते. भट्टीवर ती कुणाच्याच वहीत नसते. ताप आला की शेठकडून पैसे घ्यायचे, नाक्यावरच्या डॉक्टरकडून सुई मारून घ्यायची. ते पैसे उचलीत चढतात आणि विटा पाडून फेडावे लागतात.

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण मला इथं सारखी आठवते. शाळेत ती कृतघ्नपणाची म्हण म्हणून शिकवली. पण त्या म्हणीतला वैद्य गावातलाच असला पाहिजे. त्याचं देणं राहिलं असेल, तो वाटेत भेटत असेल, मान खाली घालावी लागत असेल. म्हणून तर तो नकोसा होतो. ज्याचं नावही ठाऊक नाही, त्याचं मरण कोण कशाला चिंतील? कृतघ्न व्हायलाही ओळख लागते. आणि वैद्याच्या बाजूनं पाहिलं, तर गावातला रोगी बरा झाला की नाही हे त्याला चार दिवसांत कळतंच. नाक्यावरच्या डॉक्टरला त्या बाईचा ताप उतरला का, हे कधीच कळत नाही. म्हणीत एवढा कडवटपणा आहे, तरी त्यात दोघं एकमेकांना धरून आहेत.

पण कल्याण म्हटलं की आनंदीबाई जोशी आठवतात आणि हा विचार डळमळतो. 1865 मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई कल्याणला वाढल्या. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं आणि वैद्यकी शिकायचा त्यांचा निश्चय झाला. 1883 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, 1886 मध्ये फिलाडेल्फियाला एमडी झाल्या, आणि त्याच परमुलखात प्रकृती ढासळत गेली. तिथं त्यांना जवळ केलं थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मायदेशी परतल्यावर 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बाविशीही पुरी झालेली नसताना, त्या पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा मावशींकडे गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, ती ठेवली गेली.

म्हणजे ओळख गावातच असते असंही नाही. आणि गावातली ओळख तरी किती पुरते? डोंगराकडच्या पाड्याला रस्ता नसला की बाळंतिणीला डोलीतून आणतात. तालुक्याला पोचल्यावर ‘पुढे न्या’ म्हणतात. पुढे म्हणजे ठाणे, नाही तर मुंबई. वहीत नाव असूनही ती परक्याच दारात पोचते.

मग भट्टीवरच्या बाईला काय हवं? वहीत नाव, की एखादी मावशी? वहीसाठी भांडता येतं, अर्ज करता येतो, भट्टीवर नर्स पाठवा म्हणता येतं. मावशी कुणाकडे मागायची? आणि नुसत्या वहीनं काम भागेल असं म्हणायला मन धजत नाही, मावशीवर भिस्त ठेवावी असंही वाटत नाही.