सबट्रिमच्या आधी स्क्रूड्रायव्हर

बाल्साचं कसरती विमान बांधायला सहा शनिवार-रविवार गेले. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस, रात्री सोलापूर, सकाळपासून लाकडाचा भुसा. पण मंडळी, खरं काम विमान टेबलावर उभं राहिल्यावर सुरू होतं. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर, म्हणजे पंखांना आणि शेपटीला बिजागऱ्यांवर लावलेल्या हलत्या फळ्या. त्या नीट जुळवायच्या. शिकाऊ विमान थोडीफार तडजोड चालवून घेतं. कसरती विमान मात्र मुद्दामच असं केलेलं असतं की ते स्वतःहून सरळ होत नाही. तुमच्या जोडणीत चूक असेल तर तीही ते इमानदारीत हवेत करून दाखवतं.

प्रत्येक फळीमागे एक सर्व्हो मोटर. तिला रेडिओकडून पल्स जातो: ढोबळमानाने १५०० मायक्रोसेकंद म्हणजे मधोमध, १००० आणि २००० म्हणजे दोन टोकं. सर्व्होची प्लॅस्टिकची दांडी, तिला तार, तारेचं दुसरं टोक फळीवरच्या हॉर्नला. एवढंच.

आता आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. दांडी जरा तिरकी बसली की हात आपोआप रेडिओच्या मेनूकडे जातो. सबट्रिम वाढवला, फळी सरळ, झालं काम! हे म्हणजे डेटाबेसमधला आकडा चुकीचाच ठेवून स्क्रीनवर दाखवताना अधिक तीन करण्यासारखं. फळी सरळ दिसते, पण दांडी आणि तार यांच्यात ९० अंशांचा कोन नसेल तर फळी वर जाते तेवढी खाली जात नाही. शिवाय सर्व्होला एका बाजूची हालचाल कमी उरते.

यावर एक सुंदर यांत्रिक उपाय आहे. आमच्या सर्व्होच्या अक्षावर २५ दाते आहेत. दांडी एक दाता सरकवली की १४.४ अंशांचा फरक, म्हणजे फारच. पण चार हातांची दांडी घ्या. ९० अंशांत सव्वासहा दाते येतात, त्यामुळे प्रत्येक हात पाव दात्याने वेगळा बसतो, म्हणजे ३.६ अंशांनी. चारही हात लावून बघायचे, सगळ्यात जवळचा ठेवायचा, बाकीचे तीन कापून टाकायचे. चूक १.८ अंशांच्या आत येते. मग उरलेल्यासाठी सबट्रिम, खुशाल! (२४ दाते असतील तर ही गंमत जमत नाही, कारण २४ ला ४ ने बरोब्बर भाग जातो.)

दुसरं, हॉर्नचं भोक बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर हवं. मागे-पुढे झालं की वर आणि खाली फरक आलाच. तिसरं, फळी जास्त हलते म्हणून रेडिओवर ट्रॅव्हल ४० टक्क्यांवर आणू नका. सर्व्होची ताकद आणि बारकावा दोन्ही वाया जातात. तार दांडीवर आतल्या भोकात, हॉर्नवर बाहेरच्या भोकात घ्या, आणि सर्व्होला पूर्ण फिरू द्या. साध्या लूप-रोलला एलेरॉन १५ अंशांच्या आसपास पुरतो. थ्रीडी कसरतींना ४० च्या वर लागतो, तेव्हा एक्स्पो हवाच.

शनिवारी रात्री हे सगळं मोजून झालं. आतेभाऊ म्हणाला, "आता काय बघायलास बे, उद्या उडवू की!" तेवढ्यात अण्णा आले. माझे वडील आयुष्यभर यंत्रमागाचे फिटर, चादरींच्या जॅकार्डवर हात बसलेला. त्या खडखडाटाने कान गेले, बोटं शाबूत आहेत. त्यांनी डावा एलेरॉन चिमटीत धरून हलवला आणि म्हणाले, "हे ढिलं आहे."

रेडिओ चालू होता, सर्व्हो घट्ट धरून होता, तरी फळीच्या मागच्या कडेला दोनेक मिलिमीटर प्ले. हॉर्नचं भोक मोठं झालं होतं. आतेभावाला ते किरकोळ वाटलं. पण अशी ढिली फळी वेगात फडफडू लागते, फ्लटर म्हणतात त्याला. एकदा सुरू झालं की क्षणार्धात बिजागरी उखडते किंवा सर्व्होचे दाते जातात. विमान १.६ किलोचं, वेग ताशी ८० किलोमीटर. हिशोब केला तर हा धक्का २५ मीटरवरून, म्हणजे आठेक मजल्यांवरून, टाकलेल्या तेवढ्याच वजनाच्या दगडाएवढा. आणि आमच्या माळावर विमान बघायला वस्तीवरची पोरं जमतात.

"अण्णा, उद्या नाही उडवत," मी म्हणालो. आतेभाऊ रुसला. असो.

आठवडा गेला. नवे हॉर्न, जाड तार, बिजागरीच्या फटीवर पारदर्शक टेप. हॉर्नचं नवं भोक अण्णांनी हाताच्या ड्रिलने पाडलं, तारेच्या मापाचं, घट्ट.

माळ तुळजापूर रस्त्याला, शहर सोडून बराच पुढे. होटगी रोडच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ च्या पट्ट्यातही २०० फुटांची मर्यादा आहे. म्हणून आम्ही १२ च्या पलीकडेच जातो.

पुढच्या रविवारी, सकाळी सात, वारा नाही. पोरांना माझ्या मागे बसवलं. विमान उठलं, एलेरॉन ट्रिमचे दोन क्लिक उजवीकडे, बस्स. मग रोल, लूप, आणि शेवटी फुल थ्रॉटलवर डोक्यावरून एक सरळ फेरी. आवाज फक्त पंख्याचा.

उतरल्यावर आतेभाऊ व्हिडिओ बघत बसला. अण्णा विमानाजवळ गेले, वाकून आधी डावा एलेरॉन हलवून बघितला, मग उजवा, मग म्हणाले, "उजव्याचा स्क्रू अर्धा पेच आवळ."