अर्ध्या सत्तेचा मुलूख : भाग पहिला

सोमवार, राजारामपुरी

मेन रोडला फुटणाऱ्या सरळ गल्ल्यांना इथे क्रमांक आहेत. आधी आखणी, मग वस्ती, हे त्यावरूनच कळतं. वसाहतीला नाव आहे ते १९२२ ते १९४० कोल्हापूरच्या गादीवर असलेल्या राजाराम महाराजांचं. त्याच काळात चीनच्या शान्शी प्रांतात यान शीशान हा सेनापती नावापुरतं केंद्र सरकार मानून आपलंच राज्य चालवत होता. दोन्ही मुलूख अर्धस्वतंत्र. पण यानकडे फौज होती आणि कोल्हापूरला १८६२च्या करारानं महत्त्वाच्या प्रत्येक बाबीत इंग्रजांचा सल्ला बंधनकारक होता. अशा सत्तेची किंमत तिच्या हाती उरलेल्या अधिकारांवरून न करता, ते कुठे खर्ची पडले यावरून करावी, असं मला वाटतं.

मंगळवार, पन्हाळा

कोल्हापूरची शस्त्रं गेली ती इथेच. वतनांवर गदा आल्यानं १८४४ साली सामानगड आणि पन्हाळ्याचे गडकरी उठले. इंग्रजी तोफांनी गड घेतला आणि पुढे चार दरवाजाही पाडला. बिनफौजेचं राज्य म्हणजे मांडलिकाचा देखावा, असा आक्षेप घेतला जातो. पण शाहू महाराजांच्या काळात १९०२ साली नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा देणारा हुकूम आणि १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा याच देखाव्यातून निघाला. इंग्रजांचं छत्र तर शेकडो संस्थानांवर होतं. सगळीकडे असे हुकूम निघाले नाहीत.

बुधवार, राधानगरी

ते हुकूम म्हणजे एकट्या शाहू महाराजांचं कर्तृत्व, संस्थानी व्यवस्थेचं नव्हे, हा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिवाय याननंही शाळा काढल्या, मुलींचे पाय बांधण्याची चाल मोडायचा प्रयत्न केला. म्हणजे सुधारणेची इच्छा दोन्हीकडे होती. फरक पडला तो पायाचा. यानची सत्ता फौजेवर उभी होती, म्हणून एप्रिल १९४९ मध्ये वेढ्यात अडकलेलं त्याच्या राजधानीचं शहर तैयुआन रक्तपातानंतरच पडलं. त्याआधी १ मार्चला कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं ते लढाईविना. तसंच शाहूकाळात सुरू झालेलं भोगावती नदीवरचं राधानगरीचं हे धरण स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. राजा एकटा होता हे खरं, पण त्यानं सुरू केलेलं काम पुढच्या सरकारला उचलता आलं. अर्ध्या सत्तेनं याहून मोठं काही साधल्याचं उदाहरण मला दिसत नाही.

(क्रमशः)