आधी चिप, मग लस

धुळ्यात माझ्या दवाखान्यात म्हशी, बैल, शेळ्या यांच्या जोडीला हल्ली कुत्र्यांची रांगही मोठी असते. त्यातला परदेशाचा प्रश्न बहुतेक वेळा तिकीट काढून झाल्यावरच येतो. मुलाची जर्मनीतली नोकरी पक्की, व्हिसा हातात, पुढच्या महिन्यात विमान. आणि मग घरात कुणाला तरी आठवतं, मोत्याचं काय? अशाच एका कुटुंबासोबत आलेल्या आजींनी मला विचारलं, "कुत्राले बी पासपोर्ट लागस का?" पासपोर्ट नाही लागत आजी, तारखा लागतात. त्याही क्रमाने.

पहिली चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, पंधरा आकडी, आयएसओ मानकाची. जाड सुईने दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडायची. लॅब्राडोर ढुंकूनही पाहत नाही. पॉमेरेनियन अख्खी गल्ली गोळा करतो. स्कॅनर फिरवून आकडा वाचायचा, कार्डावर लिहायचा आणि मगच रेबीजची लस टोचायची. युरोपच्या नियमात चिपेआधीची लस धरलीच जात नाही, कारण लस टोचलेला कुत्रा हाच, याला पुरावा काय? दहा वर्षं न चुकता लस घेतलेला कुत्राही चिप नसेल तर त्यांच्या लेखी कोराच.

लसीनंतर किमान ३० दिवसांनी पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त काढायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळं करायचं आणि बर्फाच्या पॅकमध्ये ठेवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवायचं. प्रतिपिंडं मिलिलीटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक हवीत. ती भरली तरी रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणं आलंच. म्हणजे चार महिने कुठे गेले नाहीत. जपानला हीच थांबणूक १८० दिवसांची. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट कुत्रा घेतच नाही. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालच्या पिल्लाला दार बंद केलं. आपल्याकडे लस टोचलेल्या कुत्र्याचा रक्ताचा अहवाल नसेल, तर तिथे उतरल्यावर २८ दिवस क्वारंटाइन, तेही मालकाच्या खर्चाने.

लोक यावर चिडतात. मला मात्र हे नियम रास्त वाटतात. आपल्या कुत्र्यांविषयी तिकडे आकस आहे असं नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी दिलेली कारवान कुत्र्यांची जोडी पंचम जॉर्ज बादशहाने कौतुकाने स्वीकारली होती. अडचण आहे ती आपल्या गल्लीतल्या रेबीजची. ब्रिटनने १९२२ मध्ये हा रोग संपवला आणि तो परत येऊ नये म्हणून बाहेरच्या कुत्र्यांना सहा-सहा महिने कोंडून ठेवलं. भारतातून जाणाऱ्या कुत्र्यांची ही कोठडी सुटली ती २०१२ मध्ये, चिप-लस-रक्त हा क्रम पाळण्याच्या अटीवर. सहा महिन्यांच्या कैदेपेक्षा घरात काढलेले चार महिने कधीही बरे.

शेवटचा टप्पा मुंबईचा. केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध व प्रमाणन सेवेच्या कार्यालयात कागद आणि कुत्रा दोन्ही हजर करावे लागतात. धुळ्याहून मालेगाव, चांदवड, कसारा घाट असा तीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता. मे महिन्यात इकडे पारा चव्वेचाळिसाला टेकलेला. उन्हाळ्यात कित्येक विमान कंपन्या कुत्री घेत नाहीत, आणि पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर अनेक जणी एरवीही नकार देतात. "झोपेचं इंजेक्शन देऊन टाका ना," असं हटकून सुचवलं जातं. मी देत नाही. गुंगीत श्वास आणि रक्तदाब दोन्ही खाली येतात, आणि कार्गोच्या कप्प्यात बघायला कोणी नसतं. त्यापेक्षा पिंजरा दोन महिने आधी आणून ओसरीवर ठेवा, जेवण त्यातच द्या. आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. सवय झालेला कुत्रा त्यात आपणहून जाऊन झोपतो.

तेरा-चौदा वर्षांच्या, हृदय थकलेल्या कुत्र्याला मात्र नेऊ नका. गावातल्या घरी, ओळखीच्या माणसांत राहू द्या. त्याला जर्मनी बघायची हौस नसते.

बाकीच्यांना एवढंच सांगणं: व्हिसाचा अर्ज भरायला घेतलात की त्याच आठवड्यात कुत्र्याला घेऊन दवाखान्यात या. सोबत लसीचं जुनं कार्ड आणा, बाटलीवरचे स्टिकर लावलेलं.