संगणक घरीं आला

कनेरगाव नाक्यास आमच्या घरीं नवा संगणक आला. यंत्रानें प्रथम भाषा विचारली, मग नांव, मग परवलीचा शब्द. आणि सारें निम्म्यावर येतें तोंच वीज गेली! (तीस आमच्या बेतांची खबर आधींच लागते.) खरें दुःख मात्र पुढेंच होतें. वडिलांनीं जुन्या संगणकावर उतरवून ठेवलेल्या आजोबांच्या आठवणी उघडल्या, तों पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता काला! पूर्वीच्या फॉन्टांत मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असत. तो फॉन्ट नसल्यास मजकूर वाचतां येत नाहीं. १९९१ सालच्या युनिकोडनें देवनागरी अक्षरांस स्वतंत्र क्रमांक दिले, पण आमच्या घरीं तें उशिरां पोंचलें. आतां वडील जुन्या छापील प्रतीवरून वाचतात आणि आम्ही इन्स्क्रिप्ट कळफलकावर पुन्हा लिहितों. स्वर डाव्या हातास, बहुतेक व्यंजनें उजव्या. तीन पानें उंदरांनीं खाल्लीं आहेत. तीं वडिलांस आठवतील तशीं घेतों.