आकडा कुणी कळवायचा?

मी फाउंड्रीत अकाउंट्सला लागले तेव्हा एक्साइज बंद होऊन वर्ष झालं होतं. कॉलेजात मी शिकले ते जीएसटी. त्यामुळे अण्णांनी माझ्या टेबलावर आरजी-1, आरजी-23 आणि पीएलए या एक्साइजच्या नोंदवह्यांची बाडं आणून टाकली आणि ‘‘ऑडिट पार्टी यायची हाय, ही तारखेवार लावून ठेव,’’ म्हणाले, तेव्हा नव्या पोरीची फिरकी घेताहेत असंच मला वाटलं. जो करच उरला नाही त्याचं ऑडिट कसलं?

अण्णा म्हणजे आमचे जुने एक्साइज क्लार्क. निवृत्त झाले तरी मालक त्यांना सोडत नव्हते, आणि का सोडत नव्हते ते मला लवकरच कळलं. 1 जुलै 2017ला जीएसटी आला तेव्हा केंद्रीय जीएसटी कायद्याच्या 174व्या कलमाने 1944चा उत्पादन शुल्क कायदा बहुतेक मालापुरता रद्द केला, पण जुनी येणी, चौकश्या आणि दावे शाबूत ठेवले. म्हणजे कर गेला, देणेकरी राहिले.

ऑडिट पार्टीने बरंच काही पाहिलं आणि बोट ठेवलं ते पॅटर्नवर. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांमध्ये ही गोष्ट इतकी रोजची आहे, की त्यात कराचं काही असेल हे मला सुचलंच नसतं. गाडीचा पार्ट ओतायचा तर साच्यासाठी पॅटर्न लागतो आणि तो बहुतेक वेळा गाडी बनवणारी कंपनीच करून देते, फुकट. आम्ही कास्टिंगचं बिल करतो, त्यात पॅटर्नची किंमत नसते. आमची नाहीच ती. पण 2000च्या मूल्यांकन नियमांतला सहावा नियम म्हणतो, की गिऱ्हाइकाने फुकट किंवा सवलतीत दिलेली हत्यारं, डाय, मोल्ड यांची किंमत मालाच्या किमतीत धरूनच शुल्क भरायचं. किती धरायची? अण्णांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. पॅटर्न 4 लाखांचा, त्यावर 40,000 कास्टिंग निघणार, तर नगाला 10 रुपये. 12.5 टक्क्यांनी शुल्क सव्वा रुपया. याला म्हणायचं अमॉर्टायझेशन.

सव्वा रुपयासाठी एवढा दंगा? मी हसले. मग सगळे पॅटर्न, सगळी कास्टिंग्ज आणि पाच वर्षं असा गुणाकार केला तर सुमारे 22 लाख झाले.

पाच वर्षं का, यावर माझी आणखी एक शिकवणी झाली. नेहमीची मुदत दोन वर्षांची. ती पाच होते ती फसवणूक किंवा हेतुपुरस्सर माहिती दडवली असेल तर. आम्ही दडवलं कसं, तर ईआर-1 या मासिक विवरणात पॅटर्नचा उल्लेख केला नाही. ‘‘अहो, त्यात रकानाच न्हाई!’’ हे अण्णांचं उत्तर, आणि मला ते आजही बिनतोड वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने पुष्पम फार्मास्युटिकल्सच्या निकालात 1995मध्येच सांगितलंय, की नुसतं न सांगणं म्हणजे दडवणं नव्हे. शुल्क चुकवण्यासाठी जाणूनबुजून केलेलं असलं पाहिजे. शिवाय आम्ही ते शुल्क भरलं असतं तरी गाडीवाल्या कंपनीने तेवढंच सेनव्हॅट क्रेडिट घेतलं असतं. सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात. मग चुकवून आम्हाला मिळणार काय होतं?

हे सगळं मला इतकं पटलं, की भांडण यावरच होणार अशी माझी खात्री होती. ऑडिट पार्टीने तक्ता मागितला. आम्ही पॅटर्नवार, वर्षवार तक्ता करून फेब्रुवारी 2019मध्ये पत्रासोबत दिला. तळाशी बेरीज, 22 लाख आणि काही हजार. पत्रावर इनवर्डचा शिक्का मारून पोच घेतली. अधिकारी म्हणाले, महिन्याच्या बैठकीत मुद्दा मंजूर झाला की फायनल ऑडिट रिपोर्टची प्रत देऊ, त्यात रक्कम लेखी येईल. मार्चमध्ये हेच उत्तर. मेमध्येही हेच. वागायला सगळे सभ्य होते. मला घाईही वाटत नव्हती. 22 लाखांची मागणी उशिरा आली तर कुणाचं बिघडलं?

बिघडलं 5 जुलैला. त्या दिवशीच्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी सांगितलं, की सेवाकर आणि एक्साइजच्या तंट्यांत पावणेचार लाख कोटींहून जास्त रक्कम अडकली आहे, तेव्हा ते मिटवायला ‘सबका विश्वास’ योजना. ऑडिटमध्ये निघालेली रक्कम 50 लाखांच्या आत असेल तर शुल्कात 70 टक्के माफी, व्याज आणि दंड पूर्ण माफ. आमच्या हिशोबाने 22 लाखांचे 6 लाख 60 हजार भरायचे आणि मोकळं व्हायचं. मालकांनी लगेच मान डोलावली. तत्त्वासाठी ट्रिब्युनलपर्यंत जाण्याची हौस मला होती, त्यांना नव्हती. पगार ते देत होते.

अट एकच. रक्कम 30 जून 2019 रोजी किंवा त्याआधी ठरलेली हवी. तारीख पुन्हा वाचा: घोषणा 5 जुलैची, मुदत 30 जूनची. म्हणजे जे करायचं ते करून झालेलं असायला हवं होतं, आणि आता नुसती फाइल उपसायची. आमचा फायनल ऑडिट रिपोर्ट आला ऑगस्टमध्ये.

‘‘मग स्वेच्छेने जाहीर करू या की,’’ मी म्हणाले. योजनेत तोही प्रकार होता. त्यात शुल्क पूर्ण भरायचं, पण व्याज-दंड सुटतो. आमच्या कन्सल्टंटनी योजनेचं 125वं कलम उघडून दाखवलं. ज्याचं ऑडिट झालंय त्याला स्वेच्छेने जाहीर करता येत नाही. आणि ज्याचं ऑडिट झालंय पण रक्कम 30 जूनपर्यंत ठरलेली नाही, त्याला ऑडिटच्या प्रकारातही येता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या मधे आम्ही ऑगस्टचा रिपोर्ट हातात धरून उभे.

वाट सापडली ती 121व्या कलमातल्या व्याख्येत. ठरलेली रक्कम म्हणजे देय शुल्काच्या रकमेची लेखी कळवणूक, एवढंच तिथे म्हटलंय. कुणी कुणाला कळवायची ते लिहिलेलं नाही. खात्याचं म्हणणं, आम्ही तुम्हाला. आमचं म्हणणं, फेब्रुवारीत आम्ही तुम्हाला कळवलीच आहे, ही बघा पोच. शिवाय केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 27 ऑगस्ट 2019च्या परिपत्रकात खुलासा केला होता, की चौकशीत किंवा ऑडिटमध्ये करदात्याने स्वतः कबूल केलेली रक्कमही चालेल. फेब्रुवारीच्या पत्रावरचा गोल शिक्का किंचित पुसट होता. मी तो भिंगाने तपासला, मग त्याच्या रंगीत झेरॉक्स काढल्या. आयुष्यात एखाद्या शिक्क्यावर एवढा जीव जडेल असं वाटलं नव्हतं.

पण त्या पत्रात आम्ही शहाणपणा करून ‘मुद्दा आम्हाला मान्य नाही, फक्त मागितला म्हणून तक्ता देत आहोत’ असंही लिहिलं होतं. तेव्हा ज्या वाक्याचा अण्णांना अभिमान होता, तेच आता गळ्यात आलं. रक्कम कळवली खरी, पण कबूल केली का?

अर्ज भरला डिसेंबरमध्ये, सगळा देश भरत होता तेव्हा. पुढे मुदत 15 जानेवारी 2020पर्यंत वाढली. योजनेसाठी नेमलेल्या समितीने अर्ज फेटाळला तो एका ओळीत: रक्कम मुदतीत ठरलेली नाही. सुनावणी नाही, विचारणा नाही. योजनेत वर अपिलाची सोय नाही, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात रिट. तेवढ्यात लॉकडाउन.

आमच्या नशिबाने 27 ऑक्टोबर 2020ला याच न्यायालयाचा ‘थॉट ब्लर्ब’चा निकाल आला. प्रकरण सेवाकराचं, पण पेच तोच. न्यायालय म्हणालं, 30 जूनपूर्वी जबाबात कबूल केलेला आकडा म्हणजे रक्कम ठरलेली, आणि बाजू न ऐकता अर्ज फेटाळणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही. वकीलसाहेबांनी तो निकाल जोडला. आमची सुनावणी व्हिडिओवर झाली. मी आणि अण्णा एकाच लॅपटॉपला चिकटून बसलो होतो. मी सहाव्या नियमाची टिपणं काढून ठेवली होती, न जाणो कुणी विचारलं तर. पॅटर्न हा शब्द कुणी उच्चारलासुद्धा नाही. तारखा, पोच, सुनावणी दिली की नाही, एवढं झालं आणि प्रकरण समितीकडे फेरविचाराला परत गेलं. या खेपेला समितीने बोलावलं, ऐकलं आणि अर्ज घेतला. पैसे भरले, निपटाऱ्याचा दाखला मिळाला.

पॅटर्नची किंमत धरायला हवी होती का, रकाना नसताना आम्ही काय दडवलं, हे कुणी ठरवलं नाही. मी अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, ‘‘सुटलो न्हवं? मग गप बस की.’’

माझ्यापुढचा प्रश्न वेगळाच होता: भरलेली रक्कम टॅलीत टाकायची कुठे? मला वाटलं गाडीवाल्या कंपनीला डेबिट नोट काढू. पॅटर्न त्यांचा, शुल्क त्यांच्यामुळे. कन्सल्टंटनी 130वं कलम दाखवलं. या योजनेत भरलेल्या पैशाचा परतावा नाही आणि इनपुट क्रेडिटही कुणाला नाही. मालक म्हणाले, ‘‘ज्याचं क्रेडिट मिळत नाही ते ते लोक कशाला देतील? उलट पुढची ऑर्डर जायची.’’ मी रक्कम खर्चात टाकली.