अंकाई-टंकाई : कातळाने जपलेला ठेवा

मनमाडहून येवल्याकडे जाताना सुमारे दहा किलोमीटरवर दोन जोडडोंगर समोर उभे राहतात. अंकाई आणि टंकाई. माथे सपाट, कडे काळेकभिन्न व भिंतीसारखे ताठ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा पाषाण घडला. त्यातील मऊ थर झिजत गेले आणि कठीण थर कड्यांच्या रूपाने टिकून राहिले.

सुरत व औरंगाबाद यांना जोडणारा जुना व्यापारी मार्ग याच परिसरातून जात असे. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी थेवेनो याने या वाटेवरील मुक्काम म्हणून अंकाईचा उल्लेख केला आहे. वाटेवर नजर ठेवणारा कडा राज्यकर्त्यांना हवासा वाटणे स्वाभाविकच होते. दोन्ही डोंगरांवर किल्ले उभे राहिले. समुद्रसपाटीपासून सुमारे ३२०० फूट उंचीचे हे स्थान लढून जिंकणे अवघड. परंतु १६३५ मध्ये शाहजहानच्या सैन्याने ते घेतले, तेही किल्लेदाराला द्रव्याने फोडून, असे सांगितले जाते. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी मॅकडॉवेल तोफा घेऊन पायथ्याशी आला, तेव्हा किल्ला न लढताच त्याच्या स्वाधीन झाला. कडा अभेद्य होता. आतील माणसे तशी निघाली नाहीत.

अंकाई गावातून पायऱ्या चढू लागले की किल्ल्याच्या आधी टंकाईच्या दक्षिण अंगाची जैन लेणी लागतात. ती आकाराने लहान आहेत, परंतु त्यांचे शिल्पकाम समृद्ध आहे. पहिली दोन लेणी दुमजली आहेत. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत एका टोकास हत्तीवर आरूढ यक्ष व दुसऱ्या टोकास अंबिकादेवी असून छतावर कमळ कोरलेले आहे. आत शांतिनाथ व पार्श्वनाथ यांच्या मूर्ती आहेत. अनेक शिल्पांची झीज व मोडतोड झाली असली, तरी त्यांतील शांतभाव लोपलेला नाही.

चौथ्या लेण्यातील एका खांबावर अकराव्या-बाराव्या शतकातील वळणाचा लेख आहे. अक्षरे इतकी पुसट झाली आहेत की मजकूर लागणे कठीण. ही लेणी कोरविण्यासाठी कोणी किती धन वेचले, याचा हिशेब आज कोणत्याही वहीत सापडणार नाही. देणाऱ्याचे नाव विरले; दिलेले मात्र उरले.

आज शिर्डीकडे जाणारी असंख्य जैन कुटुंबे या कड्याखालून जातात, पण पायऱ्यांकडे वळणारी थोडीच. येथे नव्या संगमरवराची, रंगाच्या हाताची किंवा देणगीदारांच्या फलकाची आवश्यकता नाही. खांबांवर नावे कोरली जाऊ नयेत, भिंतींवर काजळी धरू नये आणि मुलांना हा वारसा जाणत्या माणसाने दाखवावा, एवढे झाले तरी पुष्कळ. माथ्यावरील सत्ता आल्या आणि गेल्या. कड्याच्या कुशीतील तीर्थंकर मात्र अजून ध्यानस्थ आहेत.