काळवंडलेला दात आणि तीन औषधं

आमच्या इंदूरच्या मराठी घरांत दाताच्या डॉक्टरकडे जायचं ते दात दुखला तरच. रंगासाठी कोण जातं? बाराव्या वर्षी शाळेच्या पायरीवर आपटून माझा समोरचा दात मेला. पुढे पू झाला म्हणून रूट कॅनाल झालं, पण दात करडा पडत गेला. मुलगा बघायला आला तेव्हा आईने बजावलं होतं, "हसू नकोस गं, नुसती मान हलव." लग्नाच्या अल्बमात एकाही फोटोत माझे ओठ उघडलेले नाहीत.

साठी उलटल्यावर सूनबाईंनी हट्टाने नेलं. पहिले डॉक्टर म्हणाले, कडक औषध आणि वरून उष्णता, एका बैठकीत काम फत्ते. मी घाबरून उठलेच. दुसऱ्या डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. मार लागला तेव्हा आतलं रक्त दाताच्या सूक्ष्म नळ्यांत झिरपलं, त्यामुळे हा रंग. बाहेरून घासून तो जात नाही, औषध दाताच्या पोकळीतच भरावं लागतं.

तिन्ही औषधांतून शेवटी काम करतं ते हायड्रोजन पेरॉक्साइडच. ३० ते ३५ टक्क्यांचं थेट वापरलं तर लवकर गुण येतो, पण हिरडी भाजू शकते, आणि हिरडीलगत मूळ झिजण्याची भीती असते. उष्णता दिली, किंवा लहानपणी मार लागलेला दात असला, की ती वाढते. कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल त्याहून सौम्य. ३५ टक्क्यांच्या जेलमधून साधारण १२ टक्केच पेरॉक्साइड सुटतं. तिसरी सोडियम परबोरेटची पूड. ती साध्या पाण्यात ओल्या वाळूसारखी कालवून भरायची, ही रीत १९६१ पासूनची. हिला वेळ लागतो, पण धोका कमी.

माझा दात मारलेला, म्हणून आम्ही परबोरेट निवडलं. आधी मुळाच्या तोंडाशी सिमेंटचा जाड थर बसवला, मग औषध भरून वरून बंद. आठवड्याने बदल, असं तीनदा. शेवटचं फिलिंग दोन आठवडे थांबून केलं, कारण ब्लीचनंतर ते लगेच नीट चिकटत नाही.

दात शेजाऱ्यापेक्षा अजून किंचित पिवळा आहे. रंग पुन्हा उतरू शकतो, म्हणून नजर ठेवायची, आणि मुळासाठी वर्षाला एक एक्स-रे.

मंडळी, घरात असा दात असेल तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: औषध कोणतं, किती टक्क्यांचं, आणि मुळावर थर बसवणार ना? आणि लेकीला ओठ मिटून बसायला शिकवू नका.